सरावात जमतं, मॅचमध्ये पाय जड होतात

पत्र: मी १८ वर्षांची आहे, फुटबॉलमध्ये सेंट्रल मिडफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळते. सरावात दोघी-तिघींना सहज चुकवते, लांब पासही बरोबर जातात. मॅच सुरू झाली की मात्र बॉल आपल्याकडे येऊच नये असं वाटतं. आलाच तर पहिल्या टचला मागे देऊन मोकळी होते. दोन महिन्यांपूर्वी सेमीफायनलच्या शूटआऊटमध्ये माझी पेनल्टी सरळ गोलकीपरच्या हातात गेली आणि आम्ही हरलो. तेव्हापासून एक चूक झाली की पुढची वीस मिनिटं मी मैदानात असून नसल्यासारखी. बाबा लाइनवरून ओरडत असतात. सर म्हणतात, ‘कॉन्फिडन्स वाढव.’ सहा आठवड्यांनी पुढची स्पर्धा आहे. कॉन्फिडन्स वाढवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर: ‘कॉन्फिडन्स वाढव’ ही सूचनाच नाही, त्यामुळे ती तुला पाळता येत नाही यात नवल नाही. ‘बॉल घ्यायच्या आधी मागे बघ’ ही सूचना आहे. ‘चुकलीस तर आधी परत धाव’ हीसुद्धा सूचना आहे. तेव्हा आत्मविश्वास हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवू आणि मॅचमध्ये तुझं काय होतंय ते पाहू.

दडपण आलं की दोन गोष्टी होतात. छाती धडधडते, हात गार पडतात, पाय जड वाटतात, ही एक. हिचा तसा त्रास नाही. दुसरी जास्त नडते: लक्ष भलतीकडे जातं. एक तर ते ‘लोक काय म्हणतील’कडे जातं, नाहीतर स्वतःच्या पायाकडे. पायाकडे गेलं तर काय होतं, यावर सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांचा २००२ सालचा एक प्रयोग आहे. मुरलेल्या फुटबॉलपटूंना ओळीने ठेवलेल्या शंकूंमधून ड्रिबल करायला, म्हणजे बॉल पायाने खेळवत न्यायला लावलं आणि पायाची कोणती बाजू बॉलला लागतेय याकडे लक्ष द्यायला सांगितलं. नेहमीच्या पायाने त्यांचं ड्रिबलिंग बिघडलं. दुसरीकडे लक्ष गुंतवणारं काम कानावर घातलं तेव्हा ते इतकं बिघडलं नाही. गंमत म्हणजे, सवय नसलेल्या पायाने खेळताना मात्र पायाकडे लक्ष देणं फायद्याचं ठरलं. अर्थ सरळ आहे. जे अंगवळणी पडलंय त्याच्यावर मॅचमध्ये पहारा ठेवायचा नाही. जे कच्चं आहे ते सरावात लक्ष देऊन पक्कं करायचं. ‘आज टच नीट घ्यायचाच’ असं घोकत मैदानात उतरलीस की तू नेमकं उलट करतेस.

म्हणून मॅचमध्ये लक्षाला पायाबाहेरचं काम द्यायचं. मिडफिल्डरसाठी सगळ्यात उपयोगी काम म्हणजे बघणं.

तू लिहितेस की पहिल्या टचला मागे देतेस. हे घाबरल्यामुळे होतं असं तुला वाटतं, आणि थोडं तसं असेलही. पण बहुतेक वेळा गोष्ट अशी असते: बॉल येईपर्यंत तू मागे पाहिलेलंच नसतं, तुझं तोंड स्वतःच्या गोलकडे असतं आणि पाठीवर कोणी आहे की नाही हे माहीत नसतं. अशा वेळी मागे देणं हाच शहाणपणाचा पास असतो. भीती तिथे माहिती नसल्यामुळे येते. माहिती असेल तर तोच बॉल तू सरावातल्यासारखा वळवून पुढे नेशील.

बघायच्या वेळा ठरलेल्या आहेत. बॉल एका सहकारीकडून दुसरीकडे घरंगळत जात असतो तेव्हा त्याची दिशा कोणी बदलू शकत नाही. तेवढ्यात मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं. ती सहकारी बॉलला टच करते तेव्हा नजर परत बॉलवर. तिने तुझ्याकडे पास सोडला की अगदी सुरुवातीला आणखी एक झटपट नजर, आणि शेवटचे दोन-तीन मीटर पूर्ण लक्ष बॉलवर. उभं राहायचं ते अर्धवट वळून, म्हणजे एक खांदा स्वतःच्या गोलकडे आणि दुसरा समोरच्या गोलकडे. बॉल घ्यायचा तो लांबच्या पायाने, म्हणजे टच घेताना अंग आपोआप पुढे वळतं.

यासाठी तिघींचा एक सराव कर. एका रेषेत, साधारण १०-१० मीटर अंतरावर तिघी, तू मधे. समोरची पास देते. मागची हातात लाल किंवा पिवळं बिब (सरावाचं बिनबाह्यांचं जाकीट) धरून उभी असते आणि कधी जागेवर थांबते, कधी तुझ्या अंगावर येते. बॉल पायाला लागायच्या आधी तू रंग ओरडून सांगायचा. ती जागेवर असेल तर वळून तिला पास, अंगावर आली असेल तर एका टचला परत समोर. आठ बॉल झाले की जागा बदला. तीन फेऱ्यांना दहा-बारा मिनिटं लागतात. रंग ओरडायला का सांगितलं? नाहीतर मान वळते, डोळे वळत नाहीत. पुष्कळ खेळाडू ‘मी बघते की’ म्हणतात आणि खरंच मान हलवतात, पण पाहिलेलं काहीच नसतं.

आता लपण्याबद्दल. मिडफिल्डर लपते म्हणजे जागा सोडून पळून जात नाही. ती विरोधी खेळाडूच्या बरोब्बर मागे उभी राहते, पास देणारीला ती दिसतच नाही, आणि लाइनवरून बघणाऱ्याला मात्र ती ‘पोझिशनवर’ दिसते. स्वतःला फसवायची ही फार सोयीची पद्धत आहे. ओळखायची खूण साधी: बॉल जिच्या पायाशी आहे तिचे बूट तुला दिसतायत का? दिसत नसतील तर तू सावलीत आहेस. दोन-तीन मीटर डावीकडे किंवा उजवीकडे सरक, हात दाखव, नाव घेऊन बॉल माग. मागितलेला प्रत्येक बॉल मिळणार नाही. मिळाला पाहिजे असंही नाही. मागणं तेवढं तुझ्या हातात आहे.

इथेच एका वहीचा विषय येतो. आपल्याला अमुक एक गोष्ट जमेल हा विश्वास कशातून येतो याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली केली. त्यांनी चार मार्ग सांगितले: स्वतः करून दाखवलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याने केलेलं बघणं, कोणी दिलेला धीर, आणि शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यातला पहिला सगळ्यात जोरकस. सरांचं ‘वाढव’ हे तिसऱ्यात मोडतं, म्हणून ते मॅच सुरू होईपर्यंतसुद्धा टिकत नाही. तुला पुरावे हवेत, आणि चुका जशा आपोआप लक्षात राहतात तसे पुरावे राहत नाहीत. ते लिहावे लागतात.

बेंचवरच्या मैत्रिणीला दोनच गोष्टी मोजायला सांग, पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यात: तू बॉल किती वेळा मागितलास, आणि बॉल गमावल्यावर पाच सेकंदांच्या आत किती वेळा काहीतरी केलंस. गोल, असिस्ट (गोलआधीचा पास), शाबासकी यातलं काही नको. त्यावर तुझा पूर्ण ताबा नसतो. पहिल्या मॅचचा आकडा लाजिरवाणा आला तरी तसाच लिही. वही खोटी निघाली की तिचा उपयोग संपला. तिसऱ्या-चौथ्या मॅचपर्यंत तुला एक आकार दिसायला लागेल. उदाहरणार्थ, दर वेळी दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला आकडा पडतो असं दिसलं, तर दुखणं ‘माझ्यात कॉन्फिडन्स नाही’ हे नसून ‘हाफ टाइमला मी बसून राहते आणि थंड पडते’ हे असू शकतं. त्यावर पाच मिनिटांचा वॉर्मअप हा उपाय आहे.

चुकीनंतरची वीस मिनिटं ही तुझी सगळ्यात महागडी सवय. एका चुकीने संघाचं जेवढं नुकसान होतं त्याच्या कितीतरी पट नुकसान तू त्या वीस मिनिटांत बॉल न मागून करतेस. म्हणून चुकल्यावर काय करायचं हे आधीच ठरलेलं असायला हवं. त्या क्षणी विचार करून ठरवता येत नाही.

बॉल खेळात असेल तर पहिलं काम पायांचं: वळ आणि जोरात पाच पावलं धाव, बॉलकडे किंवा बॉल आणि आपला गोल यांच्यामधल्या जागेकडे. डोक्यावर हात मारून घेणं, माफीचा हात वर करणं, आकाशाकडे बघणं, या सगळ्यात दोन सेकंद जातात आणि तेवढ्यात विरोधी खेळाडू दहा मीटर पुढे गेलेली असते. धावताना तोंडाने लांब श्वास सोड. खेळ थांबला असेल, थ्रो-इन किंवा गोल किक असेल, तर एक ठरलेली कृती कर, मोजे वर ओढणं किंवा हाताची पट्टी नीट करणं, आणि एक शब्द स्वतःशी म्हण. तो शब्द कामाचा असावा. ‘चल, शांत हो’ यात काम काहीच नाही. ‘मागे बघ’ किंवा ‘सात नंबर’ (तुझ्या अंगावर असलेली खेळाडू) यात आहे.

मग पुढचे दोन टच साधे. जवळची मोकळी सहकारी, जमिनीवरून पास, पुढे सरक. इथे एक खड्डा आहे, आणि तुझ्यासारख्या हुशार ड्रिबलर त्यात हमखास पडतात: चुकीची भरपाई करायला लगेच तिघींना चुकवायला जाणं. ते फसलं की मग खरंच गायब व्हावंसं वाटतं. भरपाईचा हिशोब मैदानात करायचाच नाही.

सरावातलं कौशल्य मॅचमध्ये का उतरत नाही, याचं अर्ध उत्तर सरावातच आहे. सरावात चुकलं तर काय होतं? काहीच नाही. दुसरा बॉल लगेच मिळतो. मॅचमध्ये मिळत नाही. तेव्हा आठवड्यातून दोन वेळा शेवटची पंधरा मिनिटं अशी ठेवायला सरांना सांग, की त्यात परिणाम असेल: पाच विरुद्ध पाच, तुमचा संघ एका गोलने मागे, सहा मिनिटं बाकी, हरणारा संघ सगळं सामान गोळा करणार. थकलेल्या पायांनीच खेळायचं. शिक्षा अपमानाची नको. नावं ठेवणं, सगळ्यांसमोर एकटीला पळवणं याने खेळाडू धीट होत नाही, लपायला शिकते. अवघडपणाचं माप असं ठेव: दहातले सहा-सात प्रयत्न जमतायत तर बरोबर. नऊ जमायला लागले तर जागा लहान करा किंवा एक विरोधी खेळाडू वाढवा. चारच जमत असतील तर सोपं करा, कारण सतत हरण्याच्या सरावातून हरण्याचीच सवय लागते.

आता पेनल्टी. तू लिहिलंस की ती ‘सरळ गोलकीपरच्या हातात’ गेली, आणि ही दडपणाची अगदी ओळखीची खूण आहे. मार्क विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली अनुभवी खेळाडूंची नजर टिपणारं उपकरण लावून पेनल्टी मारायला लावली. दडपण वाढवलं की खेळाडू गोलकीपरकडे लवकर बघत आणि जास्त वेळ बघत राहत. त्यांचे फटकेही गोलकीपरच्या जवळ जात. डोळे जिथे, तिथे बॉल. तेव्हा तू कचखाऊ आहेस म्हणून ते झालं असं समजू नकोस. तुला नजरेची सवय बदलायची आहे, आणि ती बदलता येते.

आकडे बघ. बॉल गोलपासून ११ मीटरवर. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. ताशी ८० किलोमीटर वेगाने मारलेला बॉल अर्ध्या सेकंदात रेषेवर पोचतो. चांगल्या वेगाने कोपऱ्यात गेलेला बॉल गोलकीपरने बरोबर बाजूला झेप घेतली तरी अडवणं कठीण. म्हणजे तुला जग फसवायचं नाही. एका जागी बॉल ठेवायचा आहे.

ती जागा आजच ठरव: खांबापासून सुमारे ६० सेंटिमीटर आत, जमिनीलगत, पायाच्या आतल्या बाजूने. खांबाला चिकटून निशाणा धरू नकोस. बॉल स्वतःच २२ सेंटिमीटर रुंद आहे, जरा चुकलं की बाहेर. उंच कोपरा आणखी सुरक्षित वाटतो, पण दडपणात अंग मागे झुकतं आणि बॉल बारवरून जातो. एक बाजू मुख्य धर आणि ८० टक्के सराव तिथलाच कर. दुसरी बाजू हाताशी असू दे, पण निवड बॉल ठेवण्याआधी झालेली हवी. पळताना बदललेला निर्णय हे पेनल्टी चुकण्याचं मोठं कारण आहे.

क्रम असा ठेव. बॉल स्वतःच्या हाताने ठेव. चार-पाच पावलं मागे जा. जागेकडे एकदा नीट बघ, मग नजर बॉलवर आण. शिटी वाजली की लगेच धावू नकोस. आंतरराष्ट्रीय शूटआऊटच्या चित्रफिती तपासून नॉर्वेच्या गेर योर्देट यांनी दाखवलंय की शिटी वाजताच घाईने धाव घेणाऱ्यांचे गोल कमी झाले. ते साहजिक आहे. तिथून सुटका हवी असते. शिटीनंतर एक पूर्ण श्वास आत, एक बाहेर, मग धाव. दोन-तीन सेकंद. यापेक्षा जास्त रेंगाळलीस तर डोकं पुन्हा बोलायला लागतं. गोलकीपर हात हलवेल, रेषेवर नाचेल. फटका मारताना तिच्या एका पायाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या सरळ वर किंवा रेषेच्या मागे असला पाहिजे हे बघणं रेफ्रीचं काम आहे, तुझं नाही.

सराव करताना ओळीने वीस मारू नकोस. पाचवीपासून पायाला लय सापडते, आणि मॅचमध्ये पाचवी कधीच नसते. प्रत्येक सरावाच्या शेवटी, दमलेली असताना, सेंटर सर्कलपासून एकटी चालत ये आणि एकच मार. बाकीच्या मुली गोलामागे उभ्या राहून ओरडू देत. झाली की घरी. गेली तरी घरी, वाचवली तरी घरी. आठवड्याला चार सराव धरले तर सहा आठवड्यांत २४ होतात, आणि त्या सगळ्या वहीत असतील: बाजू, उंची, गोल की नाही.

त्या चुकलेल्या पेनल्टीचं ओझं वाटत असेल तर एक गोष्ट सांगते. १९९४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये इटलीच्या रॉबेर्तो बाज्जोने शेवटची पेनल्टी बारवरून मारली हे सगळ्यांना आठवतं. त्याच शूटआऊटमध्ये त्याच्याआधी त्याच्याच संघातले बारेसी आणि मस्सारो हेही चुकले होते, ते फारसं कोणाला आठवत नाही. १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये इटली चिलीविरुद्ध १-२ ने मागे असताना शेवटच्या दहा मिनिटांत पेनल्टी मिळाली, ती बाज्जोने घेतली आणि गोल केला. पुढे क्वार्टर फायनलला फ्रान्सविरुद्धच्या शूटआऊटमध्ये त्याने पहिलीच मारली, तीही गोलात गेली. इटली मात्र हरली. तेव्हा पुढच्या स्पर्धेत यादी बनत असेल तर हात वर कर. चौथी-पाचवी नको, पहिली किंवा दुसरी माग. वाट बघत उभं राहण्याचा त्रास कमी होतो.

धडधडीबद्दल थोडक्यात. ती घालवायच्या मागे लागू नकोस. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत गाणं, भाषण आणि गणित या कामांआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणाऱ्यांचं काम जास्त चांगलं झालं. फुटबॉल त्यात नव्हता, पण करून बघायला काही लागत नाही. अगदीच अस्वस्थ झालीस तर चार आकड्यांपर्यंत श्वास आत, सहापर्यंत बाहेर, एक मिनिटभर. भराभर मोठे श्वास नकोत, चक्कर येते. मोठं जेवण मॅचच्या तीन तास आधी, आणि त्या दिवशी नवीन बूट घालू नकोस.

बाबांशी मॅचच्या दिवशी बोलू नकोस, आधीच्या आठवड्यात बोल. ‘ओरडू नका’ म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल आणि बदलणार काही नाही. त्यांना काम दे: ‘बाबा, मी किती वेळा मागे वळून बघते ते मोजाल का?’ मोजणारा माणूस ओरडत नाही. मॅचबद्दलची चर्चा रात्रीच्या जेवणानंतर, आणि वही तुझ्या हातात असताना. सरांना दोन प्रश्न विचार: आपल्याकडे बॉल असताना मी कुठे असायला हवी? आणि बॉल गेला की माझं पहिलं काम कोणतं? उत्तर एका वाक्यात माग. दहा सूचना दिल्या तर नम्रपणे विचार, ‘सर, यातली पहिली कोणती?’

एक शंका उरते, ती तुझी तूच तपास. कधीकधी आत्मविश्वास कमी असतो कारण कौशल्य खरंच कमी असतं. मॅचमध्ये तुला डाव्या बाजूलाच बॉल नको वाटतो का? मग आठवड्यातून तीन दिवस भिंतीवर डाव्या पायाने १०० पास, ५ ते ८ मीटरवरून, दोन टचने. त्याला दुसरा उपाय नाही. आणि मॅचच्या आदल्या रात्री झोपच लागत नाही, दर वेळी उलटी होते, किंवा खेळ सोडून इतर वेळीही मन उदास राहतं असं असेल, तर घरच्यांना सांग आणि डॉक्टरांना किंवा क्रीडा मानसशास्त्रज्ञांना भेट. त्यासाठी स्पर्धा संपायची वाट बघू नकोस.

पहिले दोन आठवडे फक्त तिघींचा सराव, वही आणि रोजची एक पेनल्टी. तिसऱ्या आठवड्यापासून दडपणाचे खेळ आणि चुकीनंतरची पाच पावलं. सगळं एकदम सुरू केलंस तर दहा दिवसांत सगळंच सुटेल. स्पर्धेतल्या पहिल्या मॅचला पहिल्या पाच मिनिटांत तीनदा बॉल माग, एवढंच लक्ष्य ठेव. वॉर्मअपला जाण्याआधी त्या मैत्रिणीच्या हातात वही आणि पेन द्यायला विसरू नकोस.